हेडसर हजर, अंडे नाही

लाल शाईतला शेरा अजून वहीत आहे. पान फाडू या म्हटलं तर सात वर्षांची आमची कन्या म्हणाली, "रेकॉर्ड आहे ते आई, रेकॉर्ड फाडत नाहीत." रेकॉर्ड हा शब्द तिला मीच शिकवला. भोगा आता.

आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. आणि आमच्याकडे अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. यातली कुठलीही एकच गोष्ट सांगितली तर लोक कौतुक करतात. दोन्ही एकदम सांगितल्या की काळजी करायला लागतात.

त्या एका कोंबड्याचं नाव हेडसर. मान ताठ, छाती पुढे, दोन्ही हात मागे बांधल्यासारखी चाल, आणि कारण नसताना दर दहा मिनिटांनी अंगणात एक फेरी. दुसरं कुठलं नाव शोभलंच नसतं. मुलांनी त्याला नाव ठेवलं, नावं ठेवली नव्हती. आणि हे मी शपथेवर सांगते, की ते नाव पडलं तेव्हा शेजारचं घर रिकामं होतं. त्यानंतर तीन महिन्यांनी तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक राहायला आले आणि पहिल्याच दिवशी कुंपणावरून म्हणाले, "मला सगळे हेडसरच म्हणतात."

मुलं एकमेकांकडे बघून जी हसली, ती मी खोकून झाकली.

आज सकाळी साडेसातला ते फाटक उघडून आत आले. तक्रार आरवण्याबद्दल होती आणि तक्रार खरी होती. आमचा कोंबडा पहाटे चारला सुरू होतो. मी ओशाळून काहीतरी पुटपुटणार, तोवर दहा वर्षांचे चिरंजीव पुढे झाले.

"सर, तो उजेड बघून आरवत नाही. त्याच्या आतच घड्याळ असतं. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून बघितलं. दिवस का रात्र काही कळायची सोय नव्हती. तरी ते रोज आपापल्या वेळेला आरवायचेच."

"मग त्या घड्याळाची चावी काढून ठेवा," सर म्हणाले.

"रात्री टोपलीखाली झाकून बघते," मी म्हटलं.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," हे सर आणि मुलगा दोघे एकाच वेळी बोलले. सरांनी चमकून त्याच्याकडे बघितलं. म्हण पाठ असलेला मुलगा म्हणजे हाताशी लागण्यासारखा माल, असं काहीसं त्यांच्या डोळ्यांत आलं, आणि तिथेच माझी सकाळ गेली. त्यांनी पायरीवर बैठक मारली.

"शाळा कुठली रे?"

"घरीच."

"घरी म्हणजे? वर्ग कुठे भरतो?"

"आत्ता इथेच, पायरीवर. पाऊस असला तर आत."

"घंटा कोण देतं?"

"हेडसर."

"कोण हेडसर?"

मुलाने नुसतं बोट दाखवलं. कोंबडा त्याच वेळी कुंपणाच्या खांबावर चढून मान मागे टाकत होता. मी जमिनीकडे बघितलं. जमीन अशा वेळी कधी दुभंगत नाही.

पण सर रागावले नाहीत, हे कबूल करायला हवं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते तपासणी करायला लागले. मुलीच्या हातात हजेरीची वही होती, ती त्यांनी मागून घेतली आणि चष्मा लावला. ही वही म्हणजे तिचा रोजचा अभ्यास. डावीकडे कोंबड्यांची नावं, मग हजर की गैरहजर, मग अंडे, मग शेरा. सर मोठ्याने वाचू लागले. चाळीस वर्षं वर्गात वाचल्यावर माणसाला मनात वाचता येत नसावं.

"ठमी. हजर. अंडे, एक. शेरा, नाही. बुटकी. हजर. अंडे, नाही. शेरा, खुडूक, जवळ गेल्यास चावते. महाराणी. हजर. अंडे, एक. शेरा, ठमीला टोचले. हेडसर." इथे ते थांबले. घसा साफ केला. "हेडसर. हजर. अंडे, नाही. शेरा..." वही डोळ्यांपासून जरा लांब धरली. "शेरा, नुसताच फिरतो."

आमच्या अंगणात एरवी कधीच नसते अशी शांतता पसरली. कोंबड्यासुद्धा माती उकरायच्या थांबल्या, किंवा मला तसं वाटलं.

"कोंबड्याला अंड्याचा रकाना कशाला?" सरांनी विचारलं. मला वाटलं ते विषय बदलतायत. पण नाही, त्यांना खरोखरच रकान्याचा प्रश्न पडला होता.

"सगळ्यांना सारखे रकाने," मुलगी म्हणाली. "नाहीतर अन्याय होतो."

सर गंभीरपणे "हं" म्हणाले आणि पान उलटलं. उलटल्या पानावर चिखलाचे ठसे होते, तीन बोटं पुढे आणि एक मागे.

"हे अक्षर कुणाचं?" आवाज एकदम वरच्या पट्टीत गेला. "कोंबडीचे पाय नुसते!"

"हो," मुलगी म्हणाली. "बुटकीचा. उजवा. तिची सही आहे ती."

मला हसू आवरेना आणि हसलं तर आपल्याच मुलीच्या वर्गात शिक्षा होईल अशी भीती. जन्मभर ज्या वाक्याने त्यांनी मुलांची अक्षरं सुधारली असतील, ते वाक्य पहिल्यांदाच शब्दशः खरं ठरलं होतं, आणि त्याचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

मग ते मुलाकडे वळले. तोंडी गणित. "एक कोंबडी रोज एक अंडं देते. तर तीस दिवसांत किती अंडी देईल?"

"तीस नाही येणार."

"नीट ऐक. रोज एक. दिवस तीस."

"पण सर, अंडं तयार व्हायला चोवीस तासांपेक्षा जास्त लागतात. नुसत्या कवचालाच वीसेक तास जातात. म्हणून ती रोज थोडी उशिरा घालते, उशीर होत होत संध्याकाळ जवळ आली की एक दिवस खाडा. शिवाय दिवस लहान झाले की कमी. पिसं झडायला लागली की बंदच."

"ही गणितातली कोंबडी आहे. गणितातली कोंबडी खाडा करत नाही."

"मग ती कोंबडी नाही," मुलगा म्हणाला.

हे ऐकून मला अभिमान वाटायला हवा होता. थोडा वाटलाही. पण त्याच्या मागोमाग एक बोचरी शंकाही आली, कारण तीस एके तीस हे उत्तर सरळ देऊन मोकळं होणं हीसुद्धा एक विद्या आहे, आणि ती या मुलाला मी शिकवलेली नाही. उद्या कुठे परीक्षेला बसला तर हा उत्तरपत्रिकेत पिसं झडण्यावर परिच्छेद लिहून येईल. मागे आम्ही बारा अंडी इन्क्युबेटरमध्ये ठेवली होती, एकवीस दिवस. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघितलं, तर सातांत लाल शिरांचं जाळं दिसलं. एकविसाव्या दिवशी बाहेर आली पाच. केवढा सुंदर धडा आहे अपूर्णांकांचा, असं म्हणत मी फळ्यावर लिहिलं, पाच छेद बारा. मुलगा बराच वेळ त्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आणि ज्या दोघांत शिरा दिसल्या होत्या, ते कुठे लिहायचे?" त्या दिवशी गणित तिथेच संपलं. घरच्या शाळेचे फोटो टाकणाऱ्या आया असतात ना, सोनेरी उजेड, मांडीवर पिवळं पिल्लू, शेजारी उघडी वही? त्या वहीवर पुढच्या मिनिटाला पिल्लाने काय केलं त्याचा फोटो कुणी टाकत नाही. आणि छेदाखाली राहिलेल्या अंड्यांचाही.

(त्या पाचांत तीन नर निघाले. त्यातलाच एक हा हेडसर, बाकीचे दोघे दुसऱ्या घरी गेले. पक्ष्यांमध्ये नर की मादी हे आईकडून ठरतं, माणसांत बाबांकडून, हे नवं ज्ञान चिरंजीवांनी फोनवर त्याच्या बाबांच्या आत्याला ऐकवलं. आत्यांना तीन मुली. फोन पलीकडून ठेवला गेला.)

तर, तपासणी. एक गोष्ट मला खरंच कळत नाही. माझ्या मुलांची परीक्षा घ्यायचा परवाना ज्याला त्याला कोण वाटतं? गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने पाना हातात धरून मुलीला साताचा पाढा विचारला. नळ अजून गळतो, पण तो आम्ही त्याला विचारायचा नाही. रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाई मागे वळून मुलाला स्पेलिंग घालतात. शाळेत जाणाऱ्या मुलाला पाढा आला नाही तर ते पोर ढ. माझ्या पोराला आला नाही तर अख्खी पद्धत ढ आणि तिची जन्मदात्री तर त्याहून. मग हमखास येणारा प्रश्न, "पण मग इतर मुलांत मिसळायचं कसं शिकणार?" एकाच वयाची पन्नास मुलं एका खोलीत बसवून त्यांना दिवसभर "बोलू नका" सांगतात, त्याला मिसळणं म्हणतात, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. मी हे कधी तोंडावर बोलत नाही. रात्री भांडी घासताना बोलते. भांड्यांना पटतं.

आणि मिसळण्याचंच म्हणाल तर कोंबड्यांकडे बघा. कुणी कुणाला टोचायचं आणि कुणी निमूट टोचून घ्यायचं याची त्यांच्यात पक्की उतरंड असते. ती पहिल्यांदा नीट मांडली थोरलाइफ शेल्डरूप-एब्बे या नॉर्वेजियन माणसाने, १९२१ साली. लहानपणापासून हा मुलगा कोंबड्यांच्या नोंदींनी वह्या भरत असे. म्हणजे आमच्या कन्येसारखाच. मी हे सरांना सांगितलं, जरा टेचातच. वाटलं, एवढा मोठा दाखला दिल्यावर वही परत मिळेल.

सर म्हणाले, "आणि तो शाळेत जात होता का?"

बहुधा जात असणार. मी गप्प बसले.

एवढ्यात मुलाने पुढची माहिती पुरवली, की जिथे अनेक कोंबडे असतात तिथे पहाटे आधी सगळ्यांत वरच्या मानाचा आरवतो आणि मग बाकीचे मानाच्या क्रमाने. हे ऐकून सरांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "बघा! याला म्हणतात शिस्त. वरिष्ठ बोलल्याशिवाय कनिष्ठ बोलत नाही." चारच्या आरवण्याची तक्रार त्या क्षणी विरघळली. कोंबडा त्यांच्या बाजूचा निघाला.

उरले कोण? मी उरले.

"ताई, पाढे कोण घेतं यांचे?"

"मी."

"म्हणा बघू. एकोणीसचा."

आता इथे मी "सर, मला कामं आहेत" म्हणू शकले असते. बेचाळीस वर्षांची बाई आहे मी, स्वतःच्या अंगणात उभी. पण लाल पेन खिशाला लावलेल्या माणसाने "म्हणा बघू" म्हटलं की पाठीचा कणा आपोआप ताठ होतो आणि हात बाजूला जातात. मी सुरू केलं. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. पाचापर्यंत छान. सहाला जरा गाडी हळू झाली, चौदोदरसे म्हटलं. एकोणीस सत्ते...

एकोणीस सत्ते.

मुलं माझ्याकडे बघत होती. ठमी माझ्याकडे बघत होती, कोंबडीची असते तशी एका डोळ्याने. आणि खांबावरून हेडसर, आमचे, आरवले.

"तेहतीसासे," शेजारचे हेडसर म्हणाले. अगदी हळुवारपणे म्हणाले. तो हळुवारपणा मला सगळ्यांत जास्त लागला.

मग त्यांनी खिशाचं लाल पेन काढलं आणि मुलीच्या वहीत, आजच्या तारखेखाली, सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: "कोंबड्या व्यवस्थित. अक्षर सुमार. मुले चौकस परंतु उलट उत्तरे देतात. पालकांचे पाढे कच्चे. पालकांनी भेटावे." खाली लफ्फेदार सही. वही मिटून मुलीच्या हातात दिली, फाटक नीट लावून घेतलं आणि गेले.

दुपारी नवऱ्याला सांगितलं तर तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "जाऊन ये ना, बोलावलंय तर. कोंबड्या मी बघतो." याला एकोणीसचा येतो का, हे मी विचारलं. त्याला तातडीने एक मीटिंग आठवली.

संध्याकाळी खुराडं झाडताना मी एकोणीसचा पाढा पुटपुटत होते. सत्ते तेहतीसासे, अठ्ठे बावन्नासे. बुटकी खोक्यातून फुगून माझ्यावर गुरगुरत होती. मुलगी पायरीवर बसून दिवसाची हजेरी पुरी करत होती. रात्री वही बघितली. हेडसरांच्या ओळीखाली तिने पट्टीने एक नवी ओळ आखली होती.

"आई. हजर. अंडे, नाही. शेरा, साताला अडते."