ट्रम्पेट मिळालं, शिकवणार कोण?

एखाद्या मोठ्या गायकानं शाळांमधल्या कलाशिक्षणासाठी फाउंडेशन काढलं की लोकांचे दोन तट पडतात. एका तटाला गहिवरून येतं, दुसरा म्हणतो, "टॅक्स वाचवायचे धंदे, दुसरं काय!"

दुसऱ्या तटाचं आधी उरकतो. अमेरिकेत आयकराच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातल्या माणसानं १०० डॉलर रोख दान दिले, तर त्याचा केंद्रीय आयकर ३५-३७ डॉलरनं कमी होतो. बाकीचे जातात ते त्याच्याच खिशातून. चॅरिटीसाठी फुकट गायलं, तर त्या गाण्याच्या किमतीवर वजावट अजिबात मिळत नाही. शिवाय अशा संस्थांना दरवर्षी जमाखर्चाचा 'फॉर्म ९९०' भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. शंका असेल त्यानं तो उघडावा, कामावर किती गेले आणि पगार-प्रवासावर किती, ते बघावं. शंका नेहमीच फोल असते असंही नाही. हैतीत जन्मलेला रॅपर वायक्लिफ जाँ याच्या 'येले हैती' या संस्थेकडे २०१० च्या भूकंपानंतर देणग्यांचा पूर आला, पुढे न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी हिशेब तपासायला घेतले आणि २०१२ मध्ये संस्थेला टाळं लागलं. पण एकाचा गोंधळ सगळ्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

माझा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो गहिवरणाऱ्या तटाशी आहे.

हर्ब अल्पर्ट हे नाव जुन्या जॅझ-पॉप ऐकणाऱ्यांना ठाऊक असेल. ट्रम्पेटवाले, 'ए अँड एम' या रेकॉर्ड कंपनीच्या नावातले 'ए'. लॉस एंजेलिसमध्ये वाढलेले, घरचे स्थलांतरित. आठ वर्षांचे असताना शाळेत संगीताच्या वर्गात एका टेबलावर वाद्यं मांडून ठेवलेली होती, ज्याला जे हवं ते उचला. त्यांनी ट्रम्पेट उचललं. ही गोष्ट ते स्वतःच सांगत आलेत. पुढे त्यांच्या फाउंडेशननं लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला ३ कोटी डॉलर दिले, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या कलाशाळेला बुडता बुडता हात दिला, लॉस एंजेलिस सिटी कॉलेजला २०१६ मध्ये १ कोटी दिले, ते तिथल्या संगीताच्या विद्यार्थ्यांना फी भरावी लागू नये म्हणून.

आता ते टेबल कुणाचं होतं? सरकारी शाळेचं. कुठल्याही दानशूराचं नव्हे. वाद्यं शाळेची, आणि ओठ कसे धरायचे ते दाखवणारी व्यक्ती शाळेच्या पगारावर. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' हा थेट मतदानाला ठेवलेला कायदा मंजूर केला. मालमत्ता कर किमतीच्या १ टक्क्यावर बांधला गेला, आणि मालमत्तेचं मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येणार नाही असं ठरलं. घरमालक खूश. शाळांचा मोठा आधार हाच कर होता. तिजोरी आटली की गणिताचा तास कुणी बंद करत नाही. आधी जातो संगीताचा, मग चित्रकलेचा, मग ग्रंथपाल. न्यूयॉर्कमध्ये तर त्याआधीच, सत्तरच्या दशकात शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं तेव्हा, शाळांतल्या कलाशिक्षकांवर कुऱ्हाड कोसळली होती.

त्या खड्ड्यात फाउंडेशनं उतरली. मायकेल केमन या संगीतकारानं एका संगीतशिक्षकावरच्या चित्रपटाला संगीत दिलं आणि १९९६ मध्ये 'मिस्टर हॉलंड्स ओपस फाउंडेशन' काढलं, गरज असलेल्या शाळांना वाद्यं पुरवायला. पुढच्याच वर्षी व्हीएच-वन वाहिनीचं 'सेव्ह द म्युझिक' आलं. चांगली कामं आहेत, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण शाळेला वाद्यं मिळाली की सगळं मार्गी लागलं असं आपण धरून चालतो, तिथं माझं अडतं.

क्लॅरिनेट घ्या. त्याच्या कळांखाली बारीक गाद्या असतात, भोक घट्ट बंद व्हावं म्हणून. एखादी गादी फाटली की हवा गळते आणि खालचे सूर येतच नाहीत, नुसता फुसका आवाज. दहा वर्षांचं मूल जोर लावून लावून फुंकतं, लालबुंद होतं आणि ठरवून टाकतं की आपल्यालाच जमत नाहीये. शिक्षक असेल तर तो वाद्य हातात घेतो, बोटांनी कळा चाचपतो आणि सांगतो, "तुझं काही चुकत नाहीये, हे दुरुस्तीला टाकू." शिक्षक नसेल तर ते क्लॅरिनेट पेटीत जातं, पेटी कपाटात जाते, आणि देणगीदाराच्या अहवालात मात्र ते 'वाटप केलेली वाद्यं' या रकान्यात कायमचं जिवंत राहतं.

म्हणून मला गायक टोनी बेनेट यांचं काम जास्त पटतं. ते न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या अस्टोरियाचे. क्वीन्समध्येच २००१ मध्ये त्यांच्या पुढाकारानं फ्रँक सिनात्रा स्कूल ऑफ द आर्ट्स सुरू झाली. आपल्या नावाऐवजी मित्राचं नाव दिलं, हेही लक्षात घ्या. ही शाळा खासगी नाही, न्यूयॉर्क शहराची सार्वजनिक शाळा आहे. म्हणजे शिक्षकांचे पगार शहराकडे, आणि बेनेट दांपत्यानं काढलेली 'एक्सप्लोरिंग द आर्ट्स' ही संस्था वरचं पाठबळ देते.

आणि शिकागोचा चान्स द रॅपर! त्याचं वागणं मला सगळ्यात आवडलं. डिसेंबर २०१६ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर ब्रूस राउनर यांनी शिकागोच्या शाळांसाठीच्या २१.५ कोटी डॉलरवर नकाराधिकार वापरला. चान्स त्यांना जाऊन भेटला, बाहेर येऊन उघड नाराजी बोलून दाखवली, आणि काही दिवसांत, मार्च २०१७ मध्ये, शिकागोच्या सरकारी शाळांना १० लाख डॉलर जाहीर केले, कलाशिक्षण आणि शाळेनंतरच्या उपक्रमांसाठी. आकडे शेजारी ठेवून बघा. त्याच्या पैशांनी खड्डा बुजणार नव्हता आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. पण त्यानं ते पैसे देताना खड्डा कुणी पाडला ते नाव घेऊन सांगितलं. आपल्या सोशलवर्क्स संस्थेमार्फत इतरांनाही त्यानं कामाला लावलं. दान देतानाही सत्तेला जाब विचारता येतो, हे फार थोड्या कलावंतांना सुचतं. बहुतेकांना फोटोत महापौर शेजारी हवा असतो.

(गायिका डॉली पार्टनला यात ओढणार नाही. २०१६ मध्ये तिच्या टेनेसीत वणवा लागला, तेव्हा घर गमावलेल्या कुटुंबांना तिच्या फाउंडेशननं सहा महिने दरमहा किमान १,००० डॉलर थेट हातात दिले. आपत्तीत असंच करावं. पण शाळा ही आपत्ती नाही, ती दरवर्षी उन्हाळ्यात बंद होते आणि सुट्टीनंतर पुन्हा भरते.)

मग करायचं काय? कॅलिफोर्नियानं नोव्हेंबर २०२२ मध्ये एक उत्तर शोधलं, 'प्रपोझिशन २८'. राज्याच्या शालेय निधीच्या १ टक्क्याइतकी रक्कम दरवर्षी कला आणि संगीताला. पहिल्याच वर्षी ती जवळजवळ १०० कोटी डॉलर निघाली. गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीपासून रॅपर डॉ. ड्रेपर्यंत पुष्कळांनी पाठिंबा दिला. माझ्या मते यातलं सोनं एका कलमात आहे: ५०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शाळा-जिल्ह्यांनी (म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळांनी) किमान ८० टक्के पैसे माणसं नेमण्यावरच खर्चायचे. माणसं! ढोल, बासरी, कॅनव्हास सगळं उरलेल्या वाट्यातून. हे कलम लिहिणाऱ्यानं कपाटातलं क्लॅरिनेट पाहिलेलं असणार.

या कायद्याची आणखी एक अट होती, की नवे पैसे आधीच्या खर्चाच्या जागी नाही, त्यावर भर म्हणून वापरायचे. तिथंच पाणी मुरलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळा-जिल्ह्यावर खटला दाखल झाला. आरोप असा की आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांचे पगार या नव्या पैशांतून दिले गेले, म्हणजे मुलांच्या पदरात नवीन काहीच पडलं नाही. खटला भरणाऱ्यांत पालक आहेत, आणि ऑस्टिन ब्यूटनर आहेत, ज्यांनी तो कायदा लिहून मतदारांपुढे आणला आणि जे त्याच जिल्ह्याचे पूर्वी अधीक्षक होते! जिल्ह्यानं आरोप नाकारले आहेत.

असले खटले चालवायला वकील लागतो. शाळानिहाय हिशेब काढून कुठे किती शिक्षक वाढले ते मोजणारा कुणीतरी लागतो. यापुढे कुणी संगीतकार फाउंडेशन काढणार असेल तर त्यानं निदान एक वर्ष गिटारी वाटण्याऐवजी या माणसाचा पगार द्यावा, अशी माझी सूचना आहे. फोटो चांगला येणार नाही, ते कबूल.