परत आलेल्या कुरडया आणि ‘पोस्टात जाणं बंद करा’चे सहा मुद्दे

मिरजेहून मावशीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. आठवडाभरात अकरा खोकी परत आली होती. आत कुरडया. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून, गच्चीवर सोऱ्याने घातलेल्या आणि कडक वाळवलेल्या. मिरज ते नागपूर आणि पुन्हा मिरज, मिरज ते इंदूर आणि पुन्हा मिरज एवढा प्रवास करून आल्यावर त्यांचा चुरा झाला होता. तो विकता येत नाही आणि घरी आलेल्या पाहुण्याला तळून वाढताही येत नाही.

मावशी सात-आठ वर्षं फोनवर ऑर्डर घेते, पैसे आधी घेते आणि पोस्टाने माल पाठवते. यंदा तिने हे सगळं बदललं, कारण बचत गटाच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तोच मेसेज मला गेल्या दोन महिन्यांत चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला आहे. मथळा असा : ‘ऑनलाइन विक्रेत्यांनो, पोस्टात जाणं आजच बंद करा!’ खाली सहा मुद्दे. एक, खाजगी कुरिअर पोस्टाच्या निम्म्या दरात जातं. दोन, रजिस्टर पोस्ट बंद झालं, आता पार्सलही बंद होणार, आणि तिथे ट्रॅकिंग तर नसतंच. तीन, स्पीड पोस्टचे दर दुप्पट झाले. चार, खाजगी कुरिअर भारतातल्या प्रत्येक पिनकोडला पोचतं. पाच, पार्सल हरवलं तर कायद्याने पूर्ण भरपाई मिळते. सहा, सीओडी (कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे माल दारात आल्यावर पैसे) सुरू करा, विक्री दुप्पट होईल, पार्सल परत आलं तर नुकसान कुरिअर कंपनीचं.

आणि सगळ्यात शेवटी कुरिअर बुक करायच्या एका ॲपची लिंक, त्यात रेफरल कोड. त्या लिंकवरून कुणी ॲपच्या वॉलेटमध्ये भाड्यासाठी आगाऊ पैसे भरले की मेसेज पाठवणाऱ्याच्या खात्यात पैसे जमा होतात. हा मेसेज इतका का फिरतो, ते यातून कळावं.

मी स्वतः पुण्यातून जुनी पुस्तकं विकते. पोस्ट आणि कुरिअर दोन्ही वापरते, दोघांशीही भांडते. त्यामुळे मी पोस्टाची वकिली करायला बसलेली नाही. पण हा मेसेज वाचून लोक खिशातले पैसे घालवत आहेत, म्हणून लिहिते आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण मावशी तिथेच बुडाली.

‘पार्सल परत आलं तर नुकसान कुरिअर कंपनीचं’ हे साफ खोटं आहे. विक्रेत्यांच्या भाषेत याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत) म्हणतात, आणि आरटीओचा खर्च विक्रेत्याच्या वॉलेटमधून कापला जातो. जातानाचं भाडं तुमचं, येतानाचंही तुमचंच. येतानाचं भाडं बहुतेक ठिकाणी जातानाच्या भाड्याएवढं किंवा त्याच्या आसपास असतं. हे कुणी लपवून ठेवलेलं नाही, दरपत्रकात वेगळा रकाना असतो. मेसेज लिहिणाऱ्याने तो रकाना पाहिला नाही, किंवा पाहून गिळला.

मावशीचा हिशोब सांगते. सीओडीने सदतीस पार्सलं गेली, अकरा परत आली. एका खोक्याचं जातानाचं भाडं ११० रुपये, येतानाचं ११०. म्हणजे अकरा खोक्यांचे २,४२० रुपये नुसत्या भाड्यात गेले. ४५० रुपये किलोच्या कुरडया, प्रत्येक खोक्यात एक किलो, म्हणजे ४,९५० रुपयांचा माल चुरा झाला. परत आलेली साडी इस्त्री करून पुन्हा विकता येते. कुरडई, चिवडा, अनारसे, पुरणपोळी यांचं काय करायचं? सीओडीचा सल्ला देताना माल कुठला आहे, हे तरी विचारायला हवं होतं.

जी सव्वीस पार्सलं ग्राहकांनी घेतली, त्यांचेही पैसे लगेच हातात आले नाहीत. सीओडीची रक्कम कंपनीच्या ठरलेल्या फेरीनुसार काही दिवसांनी खात्यात येते, सीओडीचं शुल्क वजा होऊन. तोवर गव्हाचे, गॅसचे, मदतीला येणाऱ्या दोन बायकांच्या मजुरीचे पैसे मावशीने घरातून घातले.

बरं, हे सगळं नवीन आहे असंही नाही. माल आधी, पैसे दारात ही पद्धत पोस्टाने आपल्याकडे १८७७ साली व्ही.पी.पी. (व्हॅल्यू पेएबल पोस्ट) म्हणून सुरू केली. जुनी पुस्तकं विकताना मला प्रकाशकांच्या जुन्या याद्या सापडतात, त्यांच्या तळाशी ‘ऑर्डरसोबत काही रक्कम आगाऊ पाठवावी’ अशी ओळ दिसते. नाकारलेली व्ही.पी. कुणाच्या गळ्यात पडते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज यूपीआयवर शंभर रुपये आगाऊ मागायला एक मिनिट लागतं. ज्याला खरंच माल हवा आहे तो देतो. जो देत नाही, त्याचं पार्सल पाठवूच नये.

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करते. अनोळखी शहरातला नवा ग्राहक सीओडी असेल तर पटकन ऑर्डर देतो. ऑर्डरी वाढतात, हे खरं. पण ऑर्डर वाढली म्हणजे विक्री वाढली असं नसतं. मावशीला आता हे मला समजावून सांगावं लागत नाही.

आता पाचवा मुद्दा, पूर्ण भरपाईचा. मेसेजमध्ये ‘कायद्याने’ हा शब्द ठळक अक्षरांत आहे. कुठला कायदा, ते लिहिलेलं नाही. मी एक निकाल सांगते, तो कुणालाही शोधून वाचता येईल. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल ही कुरिअर कंपनी, सर्वोच्च न्यायालय, १९९६. भारती निटिंगने जर्मनीला कागदपत्रं पाठवली, ती उशिरा पोचली, व्यवहारात नुकसान झालं. राज्य ग्राहक आयोगाने चार लाखांहून जास्त रुपयांची भरपाई दिली. राष्ट्रीय आयोगाने ती १०० डॉलरवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने ते १०० डॉलरच कायम ठेवले, कारण पावतीवर जबाबदारीची मर्यादा छापलेली होती आणि पाठवणाऱ्याने त्या पावतीवर सही केली होती. सही केलीत, म्हणजे अट मान्य केलीत.

आज आपण सहीच्या जागी ‘आय ॲग्री’ दाबतो. त्या पानावर जबाबदारीची मर्यादा लिहिलेली असते, आणि बहुतेक वेळा ती तुमच्या मालाच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी असते. पूर्ण किमतीचं संरक्षण हवं असेल तर विमा वेगळा घ्यावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. ग्राहक आयोगात जाऊच नये असं मी म्हणत नाही, जरूर जावं. पण ‘पूर्ण भरपाई मिळतेच’ असं गृहीत धरून पाच हजारांची पैठणी विम्याशिवाय पाठवू नका.

पोस्टाची बाजूही इथे लंगडीच आहे, ते सांगायलाच हवं. २०२३चा टपाल कायदा १८ जून २०२४पासून लागू झाला. त्याचं कलम १० म्हणतं की नियमांत जेवढी ठरवली असेल तेवढी सोडून पोस्टावर कुठलीही जबाबदारी नाही. १८९८च्या कायद्यातही साधारण असंच होतं. स्पीड पोस्ट हरवलं तर भरलेल्या शुल्काची दुप्पट रक्कम किंवा १,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळतं. म्हणजे ८० रुपये शुल्क भरलं असेल तर १६०. महाग वस्तू साध्या स्पीड पोस्टने पाठवणाऱ्याला यात काडीचाही दिलासा नाही. दोन्हीकडे स्थिती सारखी आहे : विमा उतरवला नसेल तर हरवलेला माल तुमचाच गेला.

पहिला मुद्दा दरांचा. ‘निम्म्या दरात’ हे कुठल्या वजनाला, किती अंतराला? अर्धा किलोचं, शहरातून शहरात जाणारं, घट्ट बांधलेलं पाकीट असेल तर ॲपवरचा दर खरोखर कमी पडू शकतो. मीही पुणे-मुंबई, पुणे-बंगळूरू अशी पुस्तकं कुरिअरने पाठवते, आणि कुरिअरचा माणूस दारात येऊन घेऊन जातो हा फायदा मोठा आहे. पोस्टातली रांग मला प्रिय नाही. पण तो ठळक दर अर्ध्या किलोच्या पहिल्या टप्प्याचा असतो. वजन ५१० ग्रॅम भरलं की एक किलोचा दर लागतो. वर १८ टक्के जीएसटी.

आणि कुरडयांसारख्या मालाला खरा फटका आकारमानाच्या वजनाचा बसतो. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि सर्रास ५,००० ने भागायचं (काही कंपन्यांचा भाजक याहूनही लहान असतो). आलेला आकडा म्हणजे किलो. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्यावर भाडं. कुरडया मोडू नयेत म्हणून मावशीने काही ऑर्डरींना मोठं खोकं घेतलं होतं : ४० बाय ३० बाय २०. गुणाकार २४,०००, भागिले ५,०००, म्हणजे ४.८ किलो. काट्यावर ते खोकं दीड किलोसुद्धा भरत नव्हतं. तिने ॲपमध्ये दीड किलो भरलं. आठ-दहा दिवसांनी वॉलेटमधून फरकाची रक्कम आपोआप कापली गेली. याला वेट डिस्क्रिपन्सी म्हणतात. त्यावर हरकत घ्यायला मोजकेच दिवस मिळतात, आणि मावशीला ती हरकत घेता येते हेच माहीत नव्हतं.

पोस्टातही पार्सलच्या आकाराचे नियम आहेत, खिडकीवर विचारून घ्यावेत. फरक एवढाच की तिथे वजन तुमच्यासमोर होतं, पैसे तेव्हाच भरले जातात आणि दहा दिवसांनी कुणी खात्यातून काही कापत नाही. कुरिअरने पाठवायचंच असेल तर पॅक केलेलं खोकं काट्यावर ठेवून फोटो काढा, शेजारी टेप धरून तिन्ही मापांचे फोटो काढा आणि लेबल दिसेल असा एक. मी प्रत्येक पार्सलचे काढते. दोनदा कापलेले पैसे परत मिळाले ते याच फोटोंमुळे.

पुस्तकवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. १ मे २०२५पासून पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा आहे. पाठ्यपुस्तकं, अभ्यासाची पुस्तकं, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक साहित्य तिने जातं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १०० रुपये, वर कर. रस्त्याने आणि रेल्वेने जाते म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅकिंग आहे. पाच किलो अभ्यासाची पुस्तकं एवढ्या पैशांत नेणारं खाजगी कुरिअर मला तरी आजवर भेटलेलं नाही. मेसेजमध्ये याचा उल्लेख का नाही?

चौथा मुद्दा, प्रत्येक पिनकोडला पोचण्याचा. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी. पण तो आखला पोस्टाच्या सोयीने : एका पिनकोडाखाली एक वाटप कार्यालय आणि ग्रामीण भागात त्याच्याखाली अनेक गावं, पाडे, वस्त्या. ‘हा पिनकोड आम्ही घेतो’ असं कुरिअर कंपनी म्हणते तेव्हा तिचा माणूस त्या पिनकोडातल्या मोठ्या गावापर्यंत जातो एवढीच खात्री असते. पुढचं अंतर? ग्राहकाला फोन येतो, ‘स्टँडवर येऊन घेऊन जा’. ग्राहक आला नाही की शेरा पडतो, ‘ग्राहक उपलब्ध नाही’, आणि पार्सल परतीला लागतं. मावशीच्या अकरांपैकी चार खोकी अशीच आली. ग्राहक घरीच होते, तिने स्वतः फोन करून विचारलं. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यांतली दहातली नऊ खेड्यांत आहेत. धडगावच्या पाड्यावर किंवा भामरागडच्या वस्तीवर वस्तू पोचवायची असेल तर ग्रामीण डाकसेवकाला आजही पर्याय नाही. उशीर होतो, पण तो तिथे जातो.

उरलेले दोन मुद्दे लांबवण्यासारखे नाहीत. रजिस्टर पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. रजिस्ट्रेशन पाच रुपये आणि कर भरून स्पीड पोस्टवर घेता येतं, ओटीपी दिल्यावरच वाटप ही सोयही पाच रुपयांत आहे. यातून ‘पार्सल बंद होणार’ असा अर्थ काढायला मुद्दाम वाकडं वाचावं लागतं. ट्रॅकिंग नसतं म्हणणाऱ्याने पावतीवरचा तेरा अक्षरांचा, शेवटी आयएन असलेला क्रमांक कधी पाहिलेला नाही.

आणि दर दुप्पट? १ ऑक्टोबर २०२५पासून स्पीड पोस्टचे दर बदलले, त्याआधीचा बदल ऑक्टोबर २०१२चा होता. ५० ग्रॅमचं पाकीट बाहेरगावी ३५वरून ४७ झालं. वाढ आहेच, नाकारत नाही. २०० किलोमीटरपर्यंत अर्धा किलो ५०वरून ७० झाला, ही जास्तच टोचते. पण २,००० किलोमीटरच्या पुढे तोच अर्धा किलो ९०वरून ९३ झाला, आणि गावातल्या गावात ३०वरून २८वर आला. शिवाय हा तक्ता दस्तऐवजांचा आहे. मेसेजबरोबर जो तक्त्याचा फोटो फिरतो तो हाच, आणि त्यावरून लोकांना पार्सलचा दर सांगितला जातोय.

मावशीने वॉलेटमधली उरलेली रक्कम परत मागितली आहे, अजून आलेली नाही. सीओडी बंद केलं आहे. काल पाच ऑर्डरी होत्या. पुण्याच्या दोन कुरिअरने पाठवल्या, लहान खोक्यात, काट्यावरच्या फोटोसकट. बाकी तीन घेऊन ती पोस्टात गेली. त्यातली एक धडगावची. त्या बाईंनी पैसे आदल्या रात्रीच पाठवले होते.