तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर. तुमचा रिव्ह्यू वाचला. एका दिवसात देतो म्हणून सांगून तुमचा सीपीयू आम्ही तीन दिवस ठेवला आणि मध्ये साधा फोनही केला नाही, ही चूक आमचीच, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण सर, तुम्ही लिहिलंय की 1800 रुपये घेतले आणि नुसतं पिक्चर पुसट करून दिलं, घरी व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायचं गेम, आधीसारखंच अडखळतंय, गेममधल्या स्टिअरिंगच्या कडा लिबलिबतात, चक्कर येते, आणि दुकानातल्या पोराला काही येत नाही. बाकी सगळं ऐकून घेतो, पण हे पिक्चर पुसट करून दिलं वालं मनाला फार लागलं, कारण गेम न अडखळता चालावं म्हणून पिक्चर थोडं हलकं करणं हेच काम होतं आणि ते करायला सगळ्यात जास्त वेळ गेला.

तुमचा सीपीयू तुमच्यासमोरच उघडला होता, आठवत असेल. ग्राफिक कार्डच्या फॅनवर धुळीचा थर नखाने सोलून निघत होता आणि प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट खडूसारखी कोरडी होऊन तुकडे पडत होते. तुमचं कार्ड जीटीएक्स 1060, म्हणजे 2016 सालचं, ते 83 डिग्रीला पोचलं की स्वतःच स्पीड कमी करतं, आणि तुमचं गेम चालू केल्यावर दहा मिनिटात तिथे जाऊन बसत होतं. ब्लोअर मारून, पेस्ट बदलून ते 71 वर आणलं. हे 1800 मध्येच धरलंय, वेगळं एक रुपया लावला नाही.

आता पुसट का ते सांगतो. साध्या मॉनिटरवर 1920 बाय 1080 म्हणजे साधारण 20 लाख ठिपके सेकंदाला 60 वेळा काढायचे असतात. तुमच्या क्वेस्ट 2 हेडसेटमध्ये एका डोळ्याला 1832 बाय 1920, म्हणजे दोन्ही मिळून 70 लाखांच्या आसपास, आणि ते 90 हर्ट्झला सेकंदाला 90 वेळा. हिशेब केला तर पाचपट काम होतं आणि कार्ड तेच. 90 हर्ट्झला एका फ्रेमसाठी, म्हणजे एका चित्रासाठी, कार्डाला 11.1 मिलिसेकंद मिळतात, 72 ला 13.9. तुमच्या कार रेसच्या गेममध्ये, म्हणजे असेटो कोर्सात, कार्डाला साडेअकरा-बारा लागत होते, तेही आरशांची क्वालिटी खाली आणून, सावल्या कमी करून, समोरच्या गाड्या 23 च्या 11 करून. म्हणून आम्ही 72 हर्ट्झ ठेवलं, हेडसेट पीसीला जोडणाऱ्या ऑक्युलस ॲपमधलं रेंडर रिझोल्यूशन, म्हणजे किती ठिपके काढायचे ते, 1.0 वर ठेवलं, आणि गेममध्ये रेंडरिंग मोड ऑक्युलस निवडून गेम आणि हेडसेटच्या मधलं स्टीमव्हीआर सॉफ्टवेअर वगळलं, तेवढाच भार कमी. लांबचे बोर्ड थोडे पुसट दिसणार हे मी तेव्हाच बोललो होतो आणि तुम्ही म्हणाला होतात की चालेल, चक्कर नको. तुमच्या भाच्याने दुकानात वीस मिनिटं हेडसेट घालून अख्खी रेस मारली, वळणावर खुर्चीतून वाकत होता, एकदाही काढला नाही, हे मी नाही तुम्हीच बघितलंय.

आता तुम्ही रिव्ह्यूला जो स्क्रीनचा फोटो लावलाय तो मी मोठा करून बघितला. त्यात स्टीमव्हीआर चालू आहे, त्याचं रिझोल्यूशन 150 टक्के आहे, मागच्या खिडकीत ऑक्युलसचा स्लायडर उजवीकडे टोकाला आहे आणि 90 हर्ट्झ दिसतंय. सर, आम्ही असं दिलं नव्हतं. स्टीमव्हीआर आणि ऑक्युलस ह्या रिझोल्यूशनच्या दोन जागा वेगवेगळ्या वाटतात पण त्यांचा एकावर एक गुणाकार होतो, दोन्ही वाढवल्या तर काम दुपटीच्याही वर जातं. मग कार्डाला वेळेत फ्रेम देता येत नाही, सिस्टीम 90 वरून 45 वर येते आणि मधली फ्रेम अंदाजाने स्वतः बनवते, आणि अंदाज चुकला की जवळच्या वस्तूंच्या कडा पाण्यासारख्या हलतात. तुमचं स्टिअरिंग त्यामुळे लिबलिबतं. कुणी व्हिडिओ बघून सांगितलं असेल सेटिंग वाढवा म्हणून, त्यात तुमचा दोष आहे असं म्हणत नाही, पण मग आम्ही काही केलंच नाही असं तरी लिहायला नको होतं.

रॅमचं पण मी तेव्हा बोललो होतो. तुमच्यात 8 जीबीची एकच पट्टी आहे, तशीच दुसरी लावली तर ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम वापरणं, चालू होऊन प्रोसेसरकडून येणारे मधले झटके कमी होतात. तुम्ही म्हणालात आत्ता नको, मी पुन्हा विषय काढला नाही. नवं कार्ड घ्या म्हणून तर एकदाही म्हटलं नाही. गिऱ्हाइकाचा खर्च वाचावा म्हणूनच हे सगळं आहे त्या मशीनवर करत बसलो, नाहीतर नवीन कार्ड विकण्यात मला जास्त सुटतं.

आणि तो पोरगा सर, त्याला चार वर्षं झाली माझ्याकडे. तुमच्या गेमच्या सेटिंगसाठी तो रात्री साडेदहापर्यंत थांबला होता, एकेक गोष्ट बदलायची, तोच लॅप पुन्हा मारायचा आणि मिलिसेकंद वहीत लिहायचे. ती वही दुकानात आहे, येऊन बघा. त्याने रिव्ह्यू वाचला आणि दिवसभर बोलला नाही. आमचं गल्लीतलं दुकान आहे, लोक आधी स्टार बघतात मग फोन करतात, परवा एका गिऱ्हाइकाने हाच रिव्ह्यू दाखवून विचारलं, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

इथून पुढे काय सेटिंग ठेवलंय ते कागदावर लिहून देत जाऊ, आणि उशीर होणार असेल तर फोन करायचं पण बघतो.

तुम्ही एकदा सीपीयू घेऊन या, सेटिंग परत लावून देतो, पैसे नकोत. माझ्याकडची 8 ची एक पट्टी आठवडाभर लावून घरी घेऊन जा, फरक वाटला तर बोलू, नाही वाटला तर परत आणून द्या. येताना हेडसेट फुल चार्ज करून आणा आणि केबल विसरू नका, मागच्या वेळी अर्धा दिवस केबलसाठीच गेला होता. मंगळवारी बंद असतं, बाकी कधीही सकाळी अकरानंतर.