६४ कोडॉन, ६४ कला आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड

परवा आमच्या इंदिरानगरच्या सोसायटी ग्रुपवर शुभ सकाळच्या फुलांमधे एक लांबलचक मेसेज पडला आणि दुपारपर्यंत तोच अजून तीन ग्रुपवरून फिरून माझ्याकडे आला. म्हणणं एवढंच: डीएनएचे शब्द ६४ आणि आपल्या कला ६४, म्हणजे पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. हा कोड मुंगीपासून माणसापर्यंत सेम, कधीच बदलला नाही. एक अक्षर चुकलं तरी जीव मरतो, म्हणून तो हळूहळू बनूच शकत नाही. आणि शास्त्रज्ञांचं उत्तर काय, तर ‘योगायोग’. मी बारावीला बायो शिकवते, गप्प बसवेना.

६४ चं आधी उरकून टाकते. डीएनएची जी कामाची नक्कल पेशी वाचते, म्हणजे आरएनए, तिच्यात अक्षरं चार, यू, सी, ए, जी, शब्द म्हणजे कोडॉन तीन अक्षरी, म्हणून ४ गुणिले ४ गुणिले ४. प्रत्येक शब्दाचा अर्थ एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनच्या माळेतला एक मणी, आणि ही शब्द-अर्थाची यादी म्हणजेच कोड. बुद्धिबळाच्या पटावरही ६४ घरं असतात काका. दोन अक्षरी शब्द असते तर १६च झाले असते आणि अमिनो आम्लं २०, पुरलेच नसते, हा हिशोब जॉर्ज गॅमो या भौतिकशास्त्रज्ञाने १९५४ मधेच मांडला होता. शिवाय ६४ मधले तीन शब्द नुसते ‘थांबा’ म्हणणारे, म्हणजे कामाचे ६१. आता तीन कला कुठल्या वगळायच्या ते ग्रुपवर ठरवा.

‘कधीच बदलला नाही’ हे मात्र साफ चूक. यूजीए म्हणजे थांबा, पण आपल्याच पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागात, त्याचा अर्थ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, हे १९७९ मधे कळलं. म्हणजे वाचताय तुम्ही हे, आणि तुमच्या प्रत्येक स्नायूत दोन डिक्शनऱ्या चालू आहेत. कॅन्डिडा नावाची बुरशी सीयूजीला ल्युसिन या आम्लाऐवजी सेरिन वाचते. आणि आपल्या नाशिकचंच घ्या ना, गंगापूर धरणाकडच्या वायनरीत द्राक्षाच्या रसाची वाइन करणारं जे यीस्ट, त्याच्या मायटोकॉन्ड्रियात सीयूने सुरू होणारे चारही शब्द थ्रिओनिन होतात, बाकी बहुतेक जगात ते ल्युसिन. सोमरसाचा दाखला देणाऱ्यांनी निदान हे तरी बघायचं.

आता एक अक्षर चुकलं की मरण. इथे दोन गोष्टींची खिचडी झालीय. लग्नपत्रिकेत एक अक्षर चुकणं वेगळं आणि अख्खा शब्दकोशच बदलणं वेगळं. पत्रिकेतली चूक बऱ्याचदा कळतही नाही, जीजी नंतर चारातलं कुठलंही अक्षर टाका, ग्लायसिनच येणार. कधी नडते, सिकलसेल या रक्ताच्या आजारात जीएजीचं जीयूजी होतं, पण तिथेही आईबापांकडून आलेल्या दोन जनुकांपैकी एकच खराब असलेली माणसं बहुतेक ठणठणीत जगतात. शब्दकोश बदलणं खरंच धोक्याचं, कारण हजारो प्रोटीन एकदम बिघडतील, आणि ‘म्हणून कोड गोठून गेला’ हे डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिकने १९६८ मधेच लिहिलंय. पण एखादा शब्द जवळजवळ वापरातच नसेल तर त्याचा अर्थ बदलला तरी फारसं कोणाचं बिघडत नाही, वरची उदाहरणं बहुधा तशीच घडली. २०१९ मधे केंब्रिजला तर ई. कोलाय जिवाणूच्या जीनोममधून, म्हणजे अख्ख्या डीएनएतून, तीन शब्द पूर्ण काढून टाकले, १८ हजारांहून जास्त ठिकाणी बदल करून. जिवाणू हळू वाढतो, पण जगतो.

राहिला योगायोग. क्रिकने ‘अपघात’ शब्द वापरला हे खरं, पण गोष्ट तिथे थांबली नाही. फ्रीलँड आणि हर्स्ट यांनी १९९८ मधे कॉम्प्युटरवर दहा लाख कोड रँडम बनवले, चूक झाली तर नुकसान कमी करण्यात आपल्या कोडपेक्षा सरस निघाला फक्त एक. म्हणजे लॉटरी नव्हे, निवड झालीय. वाँग या शास्त्रज्ञाचं १९७५ चं म्हणणं मला जास्त भावतं: जुन्या अमिनो आम्लापासून नवं तयार झालं की ते जुन्याच्याच शब्दांतून वाटणी घेतं, बापाच्या शेतातून पोरांना गुंठे मिळावेत तसं. तिसरी बाजू म्हणते की काही शब्दांची आपापल्या आम्लाशी थेट रासायनिक ओढच आहे, आर्जिनिन या आम्लाला धरून ठेवणारे आरएनएचे तुकडे लॅबमधे मिळालेत आणि त्यात आर्जिनिनचेच कोडॉन सापडतात. बाकीच्या आम्लांचा पुरावा त्यामानाने पातळ. तिन्ही थोडं थोडं खरं असायलाही हरकत नाही. जीवसृष्टीआधीच्या पृथ्वीसारखी हवा करून बघणाऱ्या मिलरच्या १९५३ च्या फ्लास्कमधे सहज तयार झालेली ग्लायसिन, अलानिन, अस्पार्टिक आम्ल घ्या, तिघांचेही शब्द जीनेच सुरू होतात. सगळ्यात साधी आम्लं आणि एकच पहिलं अक्षर, हे मला तरी उगाच वाटत नाही.

खरा अवघड प्रश्न मेसेजमधे नव्हताच. प्रत्येक शब्दाला योग्य आम्ल जोडून देणारी एन्झाइम्स स्वतः कोड वाचूनच बनतात, मग पहिल्यांदा वाचलं कोणी? हे विचारलं असतं तर मी जरा अडखळले असते. पण एक धागा आहे, २००० मधे रायबोसोमची, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राची, बारीक रचना दिसली, तेव्हा कळलं की आम्लाला आम्ल जोडायची नेमकी जागा प्रोटीनची नाही, आरएनएची आहे. म्हणजे सुरुवातीचं वाचन प्रोटीनशिवाय, आरएनएनेच केलं असू शकतं.