जवानांना हसण्याआधी
लडाखच्या सीमेवर २०१२-१३ मध्ये आभाळात दिसलेल्या आणि जवानांना चिनी ड्रोन वाटलेल्या दिव्यांवरचा लेख वाचला. ‘जवानांना गुरू-शुक्रही ओळखता येईनात’ हा त्यातला सूर मात्र अजिबात पटला नाही.

हे दिवे जिथे दिसले, ते पँगाँग सरोवर सुमारे १४,००० फुटांवर आहे. तिथली हवा विरळ, कोरडी, आणि रात्र मिट्ट काळोखी. डिसेंबर २०१२ च्या सुरुवातीला गुरू अगदी तेजस्वी होता, सूर्य मावळला की पूर्वेला उगवायचा. डोंगराच्या कडेवर न लुकलुकणारा पिवळसर ठिपका! काळ्या आभाळात एकट्या ठिपक्याकडे टक लावून पाहा, तो हलतोय असंच वाटतं. मी हे करून पाहिलंय. भिंतीच्या कडेशी जुळवून धरला तेव्हाच कळलं की तो जागचा हललेलाच नाही. बरं, समोर चीनची हद्द. ड्रोनची शंका येणारच.

लष्कराने काय केलं ते बघा ना. सहा महिने नोंदी ठेवल्या, तीनशेहून जास्त. मग भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं. त्यांनी ताऱ्यांच्या तुलनेत ते दिवे कसे सरकतात ते तपासलं आणि उत्तर दिलं: गुरू आणि शुक्र. कुणी गोळी झाडली नाही, अफवा पसरवली नाही. मला तर त्या नोंदवह्या लिहिणाऱ्यांचं मनापासून कौतुक वाटतं.