‘मोबाईल आला, दलाल गेला’ हे अर्धंच खरं

एक संदेश सध्या नातेवाइकांच्या आणि गावच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मोबाईलमुळे दलाल गेला, कचेरीच्या चकरा संपल्या, खेडं आणि शहर सारखं झालं, आता जो मागे राहील तो स्वतःच्या आळसाने. मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. माझं घरच डिजिटल कामावर चालतं, म्हणून मोबाईलचा राग धरायला मला कारण नाही. पण यातलं शेवटचं वाक्य अन्यायाचं आहे, आणि आधीची तीन अर्धवट आहेत.

आधी दलाल. लासलगावच्या कांदा लिलावात व्यापारी ट्रॉलीपाशी उभा राहतो, कांदा हातात घेतो, पत्ती म्हणजे वरची साल, रंग, आकार बघतो आणि मग बोली लावतो. १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम, म्हणजे केंद्र सरकारचा शेतमालाचा ऑनलाइन बाजार, सुरू झालं ते लांबच्या व्यापाऱ्यालाही बोली लावता यावी म्हणून. कल्पना चांगलीच आहे. पण न पाहिलेल्या मालावर पैसे लावायचे तर भरवशाची प्रतवारी हवी, वाद झाला तर निवाडा करणारा हवा. ते ॲपमधून येत नाही. भाव घरबसल्या कळतो, हे खरं. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा पडलेला भावही घरबसल्याच कळला. लाल कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, त्यामुळे कळूनही विकावाच लागला. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी.

याच जिल्ह्यात डिजिटल व्यवस्था उत्तम चाललेलीही आहे, आणि ती का चालली हे संदेश लिहिणाऱ्याने जरूर बघावं. युरोपात द्राक्षांमध्ये औषधांचे अंश सापडल्यावर अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ‘ग्रेपनेट’ ही ऑनलाइन व्यवस्था उभी केली. निर्यातीच्या बागेची नोंदणी, प्रयोगशाळेत अंश तपासणी, पॅकहाऊस, कंटेनर, सगळं एका साखळीत. परदेशात तक्रार आली तर पेटीवरून थेट बागेपर्यंत पोचता येतं. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला त्याचा फायदा झाला. पण त्या संगणकामागे बागेत येणारा कृषी अधिकारी होता, प्रयोगशाळा होती, आणि चुकलं तर जाब विचारता येईल अशी माणसं होती. माणूस हटवून ते जमलेलं नाही.

आता चकरा. सातबारा ऑनलाइन मिळतो, त्याने खरोखर त्रास वाचला, हे मी रोज बघतो. पण ज्या कामांना आधारची ओळख पटवावी लागते तिथे, भाताची आवणी करून, दगड उचलून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यांचा यंत्रावर अंगठाच लागत नाही. गेल्या पावसाळ्यात एक आजी तीन वेळा आल्या. पहिल्यांदा अंगठा लागला नाही. दुसऱ्यांदा सर्व्हर बंद. तिसऱ्यांदा ओटीपी गेला नातवाच्या नंबरवर, आणि नातू छाटणीच्या कामाला दिंडोरीकडे गेलेला, फोन बंद. प्रत्येक चकरेला जीपचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी गेली. जिथे विचारायला गेल्या तिथे उत्तर मिळालं, ‘सिस्टीम घेत नाही.’ पूर्वी तलाठी भाऊसाहेबांवर ओरडता तरी यायचं. सिस्टीमवर कोण ओरडणार? पीएम-किसानला २०२३ पासून चेहरा दाखवूनही केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, होते, ही मोठी सोय आहे. पण त्याला चांगला कॅमेरा आणि नेटवर्क लागतं. आमच्या काही पाड्यांवर त्यासाठी टेकडी चढावी लागते.

सगळे सारखे झाले म्हणता? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३३ टक्क्यांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी. आता आकडे वाढले असतील, पण आमच्याकडे बाईच्या नावावरच्या योजनेचा ओटीपी अजून नवऱ्याच्या खिशात वाजतो. याला आळस म्हणायचं का?

संदेशात केनियाचंही उदाहरण आहे, की तिथे बँकेशिवाय मोबाईलवर पैसे फिरतात. बरोबर, २००७ पासून एम-पेसा आहे. पण तो पसरला तो गावोगावच्या एजंटांमुळे. रोख देणारा-घेणारा ओळखीचा माणूस दुकानात बसलेला होता, म्हणून लोकांनी फोनवर विश्वास टाकला.

पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभलीत दिला गेला. ते गाव नंदुरबार जिल्ह्यातलं, म्हणजे आमच्याच नाशिक विभागातलं, आदिवासी. सुरुवात आमच्या लोकांपासून झाली, तर अडचणीही त्यांच्याच आधी ऐका. माझी मागणी एवढीच आहे: अंगठा किंवा ओटीपी चालला नाही तर त्या माणसाला त्याच दिवशी तारीख, कारण आणि सहीसह लेखी पोच मिळावी, आणि ती पोच दाखवली की मुदत उलटली म्हणून त्याचा हप्ता किंवा रेशन बंद होऊ नये.