जोखीम पेन ड्राइव्हमध्येही असते

जहाजांवरील सायबर-जोखमीचे (संगणक यंत्रणांना असलेल्या धोक्याचे) मूल्यमापन कसे करावे, यावरील लेख वाचला. त्यात लेखकाने जवळजवळ सारा भर ईमेल आणि पासवर्ड यांवर दिला आहे; तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मी अनेक वर्षे जहाजावर विद्युत अधिकारी म्हणून काम करून आता नाशिकला स्थायिक झालो आहे. आमच्या जहाजावर इलेक्ट्रॉनिक नकाशांच्या सुधारणा पेन ड्राइव्हने भरल्या जात, आणि एकदा त्याच पेन ड्राइव्हमध्ये कुणीतरी भरून आणलेले दोन सिनेमे सापडले. बंदरात आलेला तंत्रज्ञ आपला लॅपटॉप थेट इंजिनाच्या नियंत्रण पॅनेलला जोडत असे, त्याची नोंदही कुठे होत नसे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०१७ च्या ठरावानुसार १ जानेवारी २०२१ नंतरच्या पहिल्या वार्षिक पडताळणीपर्यंत ही जोखीम सुरक्षा व्यवस्थापनात धरणे अपेक्षित होते. मात्र कार्यालयात बसून भरलेल्या तक्त्यात असा लॅपटॉप दिसत नाही, त्यासाठी इंजिन रूममध्ये उतरून कोणते यंत्र कशाला जोडले आहे, हे पाहावे लागते.

हा विषय नाशिककरांना दूरचा वाटू नये. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक संगणक-प्रणालीमुळे मर्स्क या बड्या जहाज कंपनीची संगणक यंत्रणा कोलमडली, तेव्हा न्हावा-शेवा येथील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले होते. निफाड-दिंडोरीची द्राक्षे त्याच बंदरातून शीत कंटेनरमध्ये युरोपला जातात. तेव्हा द्राक्षांचा हंगाम संपला होता, एवढेच आपले नशीब.